नम्रता वेगळी, स्वतःला हिणवणं वेगळं

प्रार्थनासभेत कुणी म्हणालं, "आज तुम्ही प्रार्थना चालवा," की माझ्या तोंडून लगेच निघायचं, "छे, माझी कुठे तेवढी लायकी!" ऐकणाऱ्यांना ती नम्रता वाटायची आणि मलाही. खरं तर चारचौघांत शब्द अडले तर लोक काय म्हणतील, याची ती धास्ती होती. प्रभूकडे लक्षच नव्हतं, सगळं लक्ष स्वतःवर.

नम्रता काय आणि स्वतःला हिणवणं काय, दोन्हींची सुरुवात "मी दुबळा आहे" या एकाच कबुलीने होते. म्हणून तर गल्लत होते. फरक कळतो तो त्या कबुलीनंतर माणूस कुणाकडे वळतो यावरून.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय उघडून पाहा. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतोय. त्यांतल्या पेत्राची पाळी येते तेव्हा तो म्हणतो, "आपण माझे पाय कधीच धुवायचे नाहीत." ऐकायला किती लीन! पण येशू ते मान्य करत नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं तो स्पष्ट सांगतो. आपले मळके पाय दुसऱ्याच्या हातात देणं अवघड असतं, आणि नम्रतेला नेमकं तेच करावं लागतं.

त्याच रात्री दोघे शिष्य पडले. यहूदाने येशूला धरून दिलं, पेत्राने त्याला तीनदा नाकारलं. यहूदाला पस्तावा झाला नाही असं आपण समजतो, पण शुभवर्तमान लिहिणारा मत्तय वेगळं सांगतो. धरून देण्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी घेऊन तो परत गेला, मी पाप केलं असं उघड म्हणाला. म्हणाला कुणाला, तर मुख्य याजकांना. "त्याचं आम्हाला काय? तुझं तू पाहा," एवढंच त्यांचं उत्तर. मग तो एकटा निघून गेला आणि त्याने गळफास घेतला. पेत्रही बाहेर जाऊन ढसाढसा रडला, पण नंतर तो बाकीच्या शिष्यांत परतला. माझ्यासारख्याला क्षमा कुठली, असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपलं पाप देवाच्या कृपेपेक्षा मोठं ठरवत असतो. मला तरी त्यात लपलेला अहंकारच दिसतो.

येशू मरणातून उठल्यानंतर, म्हणजे पुनरुत्थानानंतर, तिबिर्याच्या सरोवराकाठी कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. पेत्राने नाकारलं तेही कोळशांच्या शेकोटीपाशीच. येशू विचारतो, "यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रेम करतोस का?" काही दिवसांपूर्वी हाच पेत्र म्हणाला होता, सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. आता तो म्हणतो, "होय प्रभू, मी आपल्यावर प्रेम करतो हे आपल्याला ठाऊक आहे." त्या उत्तरातून "यांच्यापेक्षा" हा शब्द गळून गेला आहे. मी नालायक आहे, असंही तो म्हणत नाही. कोकरं चारण्याचं, म्हणजे आपल्या माणसांना सांभाळण्याचं काम येशू त्याच्यावर सोपवतो आणि तो ते घेतो.

पेत्राचा दुबळेपणा त्यानंतरही संपला नाही. अंत्युखिया शहरात लोकांच्या भीतीने तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासूंच्या पंगतीतून मागे सरला आणि प्रेषित पौलाने त्याला सर्वांसमक्ष सुनावलं. खुद्द पौलाने देहातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा एक त्रास, काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. "मी असाच आहे, काय करू" म्हणून हात झटकायची मुभा यातून मिळत नाही. पौल काटा घेऊनच चालत राहिला.

आता सभेत माझी पाळी आली की मी उठते. शब्द अजूनही अडतात. अडले की थांबते, आणि शेजारची कुणीतरी प्रार्थना पुढे नेते. पेत्राच्या पहिल्या पत्रात नम्रता कमरबंदासारखी बांधायला सांगितली आहे. ते वाचताना दर वेळी मला येशूच्या कमरेचा तो रुमाल आठवतो, आणि पाय मागे घेणारा पेत्र.