‘कपडे खराब होतात’: खानदेशातल्या एका दबून राहिलेल्या दुखण्यामागचा इतिहास

मधुमेहाला आपल्याकडे ‘साखर’ म्हणतात, गर्भाशयाच्या ऑपरेशनला ‘पिशवी काढली’ म्हणतात. लघवीवरचा ताबा सुटण्याला मात्र खानदेशात धड नाव नाही. दवाखान्यात बाई आधी गुडघ्याचं सांगते, मग पित्ताचं. उठता उठता, पदर तोंडाशी धरून म्हणते, “कपडे खराब होतात.” अहिराणी बोलणारी म्हातारी म्हणते, “काय सांगू वं माय, खोकलं का व्हई जास.” काय होतं, ते ती बोलतच नाही. पुरुष तर एवढंही सांगत नाहीत. धोतराला किंवा पायजम्याला डाग दिसू नये म्हणून ते पारावर बसायचंच सोडून देतात.

माझ्या आजीचं असंच झालं. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. रविवारी स्थापना, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन. आजीला कानबाईची सगळी गाणी पाठ होती. एका वर्षी ती बायकांत बसली नाही, दाराशी उंबऱ्यालगत बसली. पुढच्या वर्षी ‘डोकं दुखतं’ म्हणून आतल्या खोलीत निजून राहिली. जुन्या नऊवारीची फाडलेली फडकी ती मागच्या अंगणात तारेवर वाळत घालायची आणि वरून एक टॉवेल पसरायची, म्हणजे कुणाला दिसायला नको. फडकी टॉवेलखाली ओलसरच राहायची, म्हणून मांड्या सोलवटायच्या, खाज यायची. तिच्या सुनेला, म्हणजे माझ्या आईला, हे ठाऊक होतं. पण दोघींत त्याबद्दल एक शब्द कधी झाला नाही.

या गप्प बसण्याची मुळं शोधायला गेलं, तर आधी एक नवल दिसतं. आपल्या जुन्या वैद्यकात हा विषय उघड बोललेला आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याच्या विकारांचे, १२ प्रकार दिले आहेत. त्यातला एक ‘मूत्रातीत’. लघवीची भावना फार वेळ दाबून ठेवली की पुढे ती नीट सुटत नाही, सुटली तर हळूहळू सुटते, असं त्याचं वर्णन. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायाचं नावच ‘न वेगान् धारणीय’ आहे. जे १३ नैसर्गिक वेग अडवू नयेत म्हणून तिथे सांगितले, त्यांत पहिलं नाव लघवीचं. म्हणजे वेग धरून ठेवू नका, हे फार आधीच लिहून ठेवलेलं होतं, आणि खानदेशातल्या बाईला पिढ्यानपिढ्या नेमकं धरून ठेवायलाच शिकवलं गेलं.

गावाबाहेरची गोदरी, म्हणजे उघड्यावर शौचाला बसायची जागा, पहाटे अंधारात किंवा दिवेलागणीनंतर. मधल्या वेळेत बाईमाणसाला जागाच नाही. कापूस वेचायला गेलेली बाई सरळ लांबलचक सपाट वावरात उभी असते. आडोसा म्हणून एखादं बांधावरचं बोराचं झाड. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत आडोसा मिळतो, पण तिथे साप-विंचवाचं भय आणि मुकादमाची नजर. यावर उपाय एकच, पाणी कमी प्यायचं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या उन्हात घोटभर पाण्यावर दिवस काढायचा. कमी पाण्याने लघवी दाट होते, मूत्राशयाला टोचते, म्हणून घाई आणखी वाढते. बद्धकोष्ठ होतं आणि त्याचाही दाब खालीच येतो. म्हणजे गळती होऊ नये म्हणून बाई जे करते, त्यानेच गळती वाढते. आजही हे तितकंच खरं आहे, आणि डॉक्टरकडे जाण्याआधी कुणीतरी हे तिला सांगायला हवं.

बंधन बाईलाच होतं असंही नाही. भुसावळ हे रेल्वेचं गाव. आगगाडीचे इंजिन चालवणारे तासन्‌तास इंजिनात असतात, आणि आपल्या इंजिनांत शौचालय नव्हतंच. पहिलं जैव-शौचालय असलेलं इंजिन २०१६ साली रुळावर आलं.

राज्यात २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, पाठोपाठ हागणदारीमुक्तीच्या मोहिमा आल्या, पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारी गुड मॉर्निंग पथकं आली. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान निघालं आणि एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. घरोघरी संडास झाले, हे फार मोठं काम झालं, यात शंका नाही. पण ते बांधले अंगणाच्या पार टोकाला, दोन पायऱ्या चढून, उकिडवं बसायचं भांडं बसवून. गुडघे गेलेली सत्तरीची म्हातारी रात्री दोनला काठी शोधते, चप्पल शोधते, कडी काढते, आणि तिथवर पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. तिच्या मूत्राशयात कदाचित काही बिघाड नसेलही. पलंगाशेजारी एक कमोडची खुर्ची आणि एक रात्रदिवा आणला, तर अशा कित्येकींची निम्मी अडचण संपते. बेत आखणाऱ्यांनी संडास मोजले; म्हातारीच्या पलंगापासून संडासापर्यंतची पावलं कुणी मोजली नाहीत.

दुसरं मूळ बाळंतपणात आहे. बाळ अडलं आणि वेळेवर सुटका झाली नाही, तर डोक्याच्या दाबाने मूत्राशय आणि योनी यांच्यामधला भाग मरतो, तिथे भोक पडतं आणि लघवी रात्रंदिवस झिरपत राहते. याला फिस्टुला म्हणतात. हे दुखणं फार जुनं आहे. इजिप्तमध्ये सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीच्या हेनहेनित नावाच्या स्त्रीच्या ममीत ते आढळलं. शस्त्रक्रियेने ते बरं करण्याची पद्धत अमेरिकेतल्या जे. मॅरियन सिम्स याने १८५२ साली प्रसिद्ध केली. तिच्यामागे मोठी वेदना आहे. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात त्याने गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी, ल्यूसी ही त्यांतली तीन नावं इतिहासाला माहीत आहेत. आज हे ऑपरेशन जिथे कुठे होतं, तिथे या तिघींचं ऋण आहे.

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात कठीण होता तो सातपुड्यात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला झोळीतून खाली आणायचं, मग गाडी शोधायची. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली झालं, जळगावला २०१८ साली, नंदुरबारला २०२० साली. २००५ पासून आशाताई गावात आल्या, दवाखान्यात बाळंतपणं वाढली, २०१४ पासून १०८ची गाडी धावू लागली, नर्मदेकाठच्या पाड्यांसाठी पाण्यावर तरंगता दवाखाना आला. त्यामुळे फिस्टुलाची भीती खूप कमी झाली.

पण साध्या बाळंतपणानेही ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणतात. चार-पाच बाळंतपणं, सव्वा महिना पुरा न होताच डोक्यावर हंडा, मग चाऱ्याचा भारा. पुढे खोकताना, शिंकताना, हसताना थेंब सुटतो. काहींचं अंग बाहेर येतं. मूत्राशयच मध्येच आकसून ‘आत्ताच्या आत्ता’ अशी घाई करतं, तो प्रकार वेगळा. आणि म्हाताऱ्या पुरुषांत प्रोस्टेट वाढून, किंवा साखरेने नसा बधिर होऊन मूत्राशय भरलेलंच राहतं आणि वरचं ओसंडून थेंब-थेंब गळतं, तो आणखी वेगळा. तिघांनाही लोक ‘वय झालं’ हे एकच उत्तर देतात, आणि तिथेच घोटाळा होतो. पहिल्याला व्यायाम लागतो, दुसऱ्याला सवय बदलणं आणि गोळ्या लागतात, तिसऱ्याला आधी अडथळा काढावा लागतो.

व्यायामाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली दाखवून दिलं, की हे तळाचे स्नायू ठरवून आवळायला शिकवले, तर पुष्कळ बायकांची गळती शस्त्रक्रियेशिवाय थांबते. बाई स्नायू बरोबर आवळते आहे का, हे तिला स्वतःला दिसावं म्हणून त्याने दाब मोजणारं एक यंत्रही केलं होतं. आपल्या हठयोगातला मूलबंध शरीराच्या याच भागाशी निगडित आहे. त्याचा हेतू वेगळा होता, पण ‘आत-वर ओढून घ्या’ ही सूचना योग शिकलेल्या बाईला लगेच कळते. वारा सुटू नये म्हणून आपण जसं आवळतो तसं आवळायचं. श्वास रोखायचा नाही, पोट पुढे ढकलायचं नाही. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, आणि निदान ३ महिने. बिनपैशाचं औषध आहे हे. भाकरी थापताना होतं, एसटीत बसल्या बसल्या होतं.

१९४८ सालचं हे ज्ञान माझ्या आजीपर्यंत पोचलं नाही. बाहेरच्या जगातही या दुखण्याला स्वतंत्र विषय म्हणून उभं राहायला वेळ लागला. त्याचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटी (कॉन्टिनन्स म्हणजे लघवी-शौचावरचा ताबा) १९७१ साली स्थापन झाली. २००२ साली तिने सुटसुटीत व्याख्या केली: लघवी आपसूक गळते अशी कोणतीही तक्रार. किती गळते, यावर तिने अट घातली नाही. मला ही व्याख्या फार मोलाची वाटते. थेंबभर गळत असेल तरी सांगायचा हक्क आहे, असा तिचा अर्थ निघतो.

खानदेशात मात्र सगळं उलट्या क्रमाने आलं. आधी आली नळी. फ्रेडरिक फोली याची फुगा असलेली रबरी नळी १९३० च्या दशकातली; प्रोस्टेटने लघवी तुंबली की ती जीव वाचवते. पण एकदा घातलेली नळी महिनोन्‌महिने तशीच ठेवली, तर जंतुसंसर्ग ठरलेला. मग आली ऑपरेशनं. उल्फ उल्म्स्टेन याने १९९६ साली मांडलेली, मूत्रमार्गाला खालून आधार देणाऱ्या जाळीच्या पट्टीची शस्त्रक्रिया योग्य रुग्णाला खरंच उपयोगी पडते, हे मान्य. त्यानंतर आले डायपर. आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषणारी पावडर निघाल्यावर १९८० च्या दशकात प्रौढांचे डायपर अमेरिकेत बाजारात स्थिरावले, आणि आता ते तालुक्याच्या मेडिकलवरही मिळतात. दुकानदार न विचारता काळ्या पिशवीत घालून देतो. दिवसाला ३ धरले तर महिन्याला ९० लागतात. शेतमजुराच्या घराला हे झेपत नाही. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी निघाला, तेव्हा डायपर १२ टक्क्यांतच राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. डायपरला माझा विरोध नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आणि त्याची सेवा करणाऱ्या सुनेला त्याने केवढी उसंत मिळते, हे मी पाहिलं आहे. पण चालत्या-फिरत्या पन्नाशीच्या बाईला तपासणी न करता थेट डायपर सांगणं, ही तिची फसवणूक आहे.

माझ्या आत्याला ते सांगितलं गेलं होतं. एका दवाखान्यात ५ मिनिटांत ‘आता असंच चालायचं’ असं ऐकून ती परतली. दुसरीकडे एका फिजिओथेरपिस्ट मुलीने तिच्याकडून ३ दिवसांची वही लिहून घेतली: किती वाजता पाणी, किती वाजता लघवी, केव्हा गळालं, त्या वेळी काय चाललं होतं. वही वाचल्यावर दिसलं, की दिवसातून सहा वेळा चहा होता, आणि रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी ती रात्री निजताना घेत होती. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी आली, चहा दोनवर आला, व्यायाम सुरू झाला. पूर्ण थांबायला वेळ लागला, पण रात्रीचं उठणं महिन्याभरात कमी झालं.

ही वही कुणीही करू शकतं, आणि ती घेऊन गेलं की डॉक्टरसमोर तोंडाने फार बोलावंही लागत नाही. लाजणाऱ्या माणसाला हा मोठा आधार आहे. जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग आणि शस्त्रक्रिया विभागात ती दाखवता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी मदतक्रमांक आहे, तिथे माहिती विचारता येते. लघवीत रक्त दिसलं, ताप आला, लघवी एकदम अडली, किंवा पायांत बधिरपणा येऊन ताबा सुटला, तर मात्र वहीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जायचं.

गेल्या श्रावणात आत्या कानबाईच्या जागरणाला बसली. निघताना तिने पिशवीत एक पॅड आणि एक जादा परकर घेतला. शेजारच्या वहिनीने विचारलं, “हे कशाला?” आत्याने आवाज खाली न आणता सांगितलं.