क्वेरी गेली, वर्कर मोकळा

डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारला आणि उत्तर यायला २० मिलिसेकंद लागले, असं धरू. तेवढ्यात आपली पापणीसुद्धा पुरती लवत नाही. पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात ६ कोटी ठोके पडून जातात. उत्तर येईपर्यंत सर्व्हरची स्क्रिप्ट हातावर हात ठेवून बसणार असेल, तर एक प्रोसेस सेकंदाला फार तर ५० रिक्वेस्ट उरकेल, आणि तो सेकंद जवळजवळ सगळा वाट बघण्यातच जाईल.

यावर जुना उपाय होता माणसं वाढवण्याचा, म्हणजे दर रिक्वेस्टला वेगळी प्रोसेस किंवा थ्रेड (प्रोसेसच्या आत चालणारा कामाचा धागा). गर्दी वाढली की मेमरी आणि थ्रेडची अदलाबदल यांतच दम निघतो. एकाच मशीनवर एका वेळी दहा हजार कनेक्शनं कशी सांभाळायची, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला तो यातूनच. इगोर सिसोएव्ह यांचा एनजिनएक्स सर्व्हर २००४ मध्ये लोकांसमोर आला, त्याने वेगळी वाट धरली. वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट उरकणाऱ्या प्रोसेस, मोजकेच, बहुधा प्रोसेसरच्या कोरइतके. कोणत्या सॉकेटवर (कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकावर) काही आलंय हे लिनक्सची ईपोल सोय सांगते आणि वर्कर तेवढ्याचकडे वळतो.

खरी गोम पुढेच आहे. अशा वर्करच्या आत चालणाऱ्या स्क्रिप्टने नेहमीची डेटाबेस लायब्ररी (डेटाबेसशी बोलणारा तयार कोड) वापरली, तर ती उत्तरासाठी अडून बसते आणि तिच्यासोबत अख्खा वर्कर अडतो. त्याच्या भरवशावर असलेली हजारो कनेक्शनंही ताटकळतात. म्हणजे जुन्या पद्धतीपेक्षाही वाईट! बाहेरून तिला थांबवून ‘जरा बाजूला हो’ म्हणायची सोय नसते, कारण सॉकेट वाचण्याचं काम ती स्वतःच, आपल्या पद्धतीने करत असते.

म्हणून ओपनरेस्टीच्या, म्हणजे एनजिनएक्सच्या आत लुआ स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रकल्पाच्या, मंडळींनी मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलण्याची भाषाच लुआमध्ये नव्याने लिहून काढली, तीही एनजिनएक्सच्याच सॉकेटांवर. लुआ ही १९९३ मध्ये रिओ दी जानेरोच्या विद्यापीठात जन्मलेली छोटेखानी भाषा. तिच्यातली कोरुटीन इथे कामाला येतात. कोरुटीन म्हणजे मध्येच थांबून, आपली सगळी व्हेरिएबल जशीच्या तशी ठेवून, नंतर तिथूनच पुढे चालणारं फंक्शन.

‘सिलेक्ट १’ एवढीच क्वेरी घ्या. मधली मोकळी जागा धरून ती इंग्रजीत (SELECT 1) आठ अक्षरांची. ही नवी लायब्ररी तिच्यापुढे ३ हा आज्ञेचा बाइट लावते, म्हणजे झाले नऊ. त्याच्याही पुढे चार बाइटचं शीर्ष: तिनांत लांबी, चौथ्यात क्रमांक. एकूण १३ बाइट सॉकेटवर रवाना होतात. मग लायब्ररी उत्तराच्या शीर्षाचे चार बाइट मागते. ते अजून आलेले नसतात, तेव्हा कोरुटीन तिथेच थांबतं आणि वर्कर दुसऱ्या रिक्वेस्टकडे जातो. बाइट आले की ईपोल खबर देते, कोरुटीन जागं होतं. चारऐवजी दोनच आले, तर पुन्हा थांबतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याचा कोड वरून खाली, सरळ ओळीत वाचता येतो. मला या रचनेतली ही गोष्ट सगळ्यात आवडते. कॉलबॅकच्या (‘उत्तर आलं की हे फंक्शन चालव’ असं सांगून ठेवण्याच्या) जंजाळात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना कारण सांगायला नको.

यामुळे क्वेरी मात्र एका क्षणानेही लवकर होत नाही. इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) नसलेलं टेबल तितकंच रडवतं. उलट सर्व्हर आता एका दमात कितीतरी जास्त क्वेरी पाठवू शकतो, आणि गर्दी डेटाबेसच्या दारात जाते. दर वेळी नवं कनेक्शन उघडणं महाग, म्हणून वापरलेली कनेक्शनं पुन्हा वापरायला पूलमध्ये, म्हणजे एका साठ्यात, ठेवतात. पण हा पूल दर वर्करचा वेगळा असतो, हे हमखास विसरलं जातं. आठ वर्कर आणि पूलचा आकार १०० म्हणजे रिकामी पडून असलेली कनेक्शनंच ८०० पर्यंत जाऊ शकतात. मायएसक्यूएलची एका वेळच्या कनेक्शनांची मूळ मर्यादा, म्हणजे कोणी बदलली नसेल तर, आहे १५१.

दुसरा धोका जास्त छुपा आहे. ट्रॅन्झॅक्शन (सगळे बदल एकत्रच पक्के किंवा रद्द होणारा क्वेरींचा गट) अर्धवट असताना स्क्रिप्टने कनेक्शन पूलमध्ये परत टाकलं, तर ते अर्धवट ट्रॅन्झॅक्शन पुढच्या, भलत्याच रिक्वेस्टच्या गळ्यात पडतं. तिने सगळं नीट केलं तरी तिचे बदल कधी टिकतात, कधी नाहीत, आणि लॉगमध्ये चूक सापडत नाही. त्यामुळे क्वेरीत काही बिघडलं, तर ते कनेक्शन पूलमध्ये न ठेवता सरळ बंद करावं. नवं उघडायला लागणारे दोन-चार मिलिसेकंद परवडतात.