कॅन्टनचा व्यापार कोणाच्या दप्तरातून वाचायचा?

अठराव्या शतकात लंडनला किंवा कोपनहेगनला कोणी चहा प्यायला, तर तो जवळजवळ हमखास एकाच बंदरातून आलेला असे. ते बंदर कॅन्टन, आजचे ग्वांगझू. १७५७ मध्ये चिएनलुंग बादशहाने पश्चिमी जहाजांना बाकीची बंदरे बंद केली आणि इंग्रजांशी झालेले अफू युद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानकिंग तहापर्यंत ही व्यवस्था चालली. तिचे पाठ्यपुस्तकी चित्र आपल्याला पाठ आहे. चीनने दार लावून घेतले, परदेशी व्यापाऱ्यांना नदीकाठच्या चिंचोळ्या पट्टीत कोंडले, लाचखाऊ अधिकाऱ्यांनी त्यांना नाडले, आणि शेवटी इंग्रजांनी तोफा डागून दार उघडले.

हे चित्र साफ खोटे नाही. पण ते बव्हंशी एका कंपनीच्या, म्हणजे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या, कागदांवरून आणि त्या कंपनीनंतर आलेल्या अफू व्यापाऱ्यांच्या तक्रारींवरून रंगवलेले आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पॉल व्हॅन डाइक या अमेरिकन इतिहासकाराने दुसऱ्यांची दप्तरे उघडून हेच बंदर पुन्हा पाहिले. मकाव आणि ग्वांगझू इथे अध्यापन करत केलेले हे काम समजून घ्यायचे, तर आधी व्यापार कसा उभा राहिला आणि त्याच्या नोंदी कोणी ठेवल्या, हे पाहायला हवे.

सुरुवात पोर्तुगीजांपासून होते. १५५७ च्या सुमारास ते मकावला स्थिरावले आणि पुढची जवळजवळ तीनशे वर्षे मकावचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. १८४४ मध्ये ते गोव्यापासून वेगळे झाले. दुसरी वाट स्पॅनिशांची. १५७१ मध्ये मनिला वसल्यावर मेक्सिको आणि पेरूची चांदी अकापुल्कोहून पॅसिफिक ओलांडून चीनकडे वाहू लागली. मिंग राज्यात कर चांदीत भरले जाऊ लागले होते, त्यामुळे चांदीची भूक मोठी होती. चीनला युरोपच्या मालाची फारशी गरज नव्हती, युरोपला मात्र चिनी माल हवा होता. मधला फरक चांदीने भरून काढायचा, हे गणित पुढे दोनशे वर्षे बदलले नाही.

१६८३ मध्ये तैवान जिंकल्यावर कांगशी बादशहाने पुढच्याच वर्षी सागरी व्यापारावरची बंदी उठवली आणि किनाऱ्यावर जकातीची ठाणी बसवली. मग इंग्रज, फ्रेंच, डच, ओस्टेंडचे फ्लेमिश, स्वीडिश आणि डॅनिश असे एकेक करून येत गेले. स्वीडिश कंपनी १७३१ ची, डॅनिश एशियाटिक कंपनी १७३२ ची. १७५७ चा हुकूमही ऐकायला वाटतो तितका सर्वंकष नव्हता. रशियन लोक सरहद्दीवरच्या कियाख्ताला खुष्कीच्या मार्गाने व्यापार करत होते, मकाव पोर्तुगीजांकडेच राहिले, आणि चिनी जंक जहाजे बटाव्हिया (आजचे जकार्ता) नि मनिलाला पूर्वीसारखीच जात-येत होती.

आता प्रत्यक्ष कॅन्टनला काय घडे, ते जरा सावकाश पाहू. युरोपातून आलेले जहाज आधी मकावजवळ थांबे. तिथे परवानाधारक चिनी वाटाड्या घेतल्याखेरीज पर्ल नदीत शिरायला मनाई होती, आणि मनाई नसती तरी शिरून उपयोग नव्हता. हुमेनच्या किल्ल्यांपलीकडे नदीत वाळूचे दांडे आहेत. भरलेले मोठे जहाज त्यांवरून भरतीच्या वेळीच सरके. वाटाडे उथळ जागी होड्या उभ्या करून वाट आखून देत, आणि वारा पडला की होड्या लावूनच जहाज ओढून नेत. हुमेनपासून जकातीची माणसे जहाजाबरोबर असत. व्हाम्पोआला नांगर पडे. तिथून कॅन्टन वीसेक किलोमीटर वर, आणि तेवढे अंतर माल चिनी पडावांतूनच जाई.

व्हाम्पोआला जकातीचा मुख्य अधिकारी लवाजम्यासह जहाज मोजायला येई. परदेशी त्याला ‘होप्पो’ म्हणत. पुढच्या डोलकाठीपासून मागच्या डोलकाठीपर्यंतची लांबी आणि मध्यावरची रुंदी, यांवरून बंदरपट्टी ठरे. शिवाय प्रत्येक जहाजामागे १,९५० ताएलची ठरावीक ‘भेट’ द्यावी लागे. एक ताएल म्हणजे साधारण ३७ ग्रॅम चांदी. इंग्रजांच्या लेखनात ही रक्कम उघड लुबाडणूक म्हणून येते. पण ती लहान जहाजाला तेवढीच आणि अजस्र जहाजालाही तेवढीच! म्हणजे जहाज जितके मोठे, तितका टनामागचा बोजा कमी. कंपन्या कॅन्टनला मोठमोठी जहाजे का पाठवत, याचे एक कारण या हिशेबात आहे, आणि ते तक्रारीच्या पत्रांपेक्षा जमाखर्चाच्या वहीत आधी दिसते.

व्यवस्थेतली खरी चतुराई मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. गोऱ्या माणसांवर थेट अंमल चालवायच्या भानगडीत चिनी अधिकारी शक्यतो पडत नसत. प्रत्येक जहाजाला एक हाँग व्यापारी (परदेशी व्यापाराचा मक्ता असलेल्या ‘हाँग’ या चिनी पेढीचा मालक) जामीन, एक दुभाषा, आणि दाणागोटा पुरवणारा एक काँप्राडोर असे. खलाशांनी दंगा केला किंवा जकात थकली, तर आधी या चिनी माणसांच्या मानेवर हात पडे. सगळी देणी फिटल्याशिवाय परतीचा परवाना मिळत नसे. हंगाम संपला की परदेशी व्यापाऱ्यांनी मकावला जायचे. वखारीत बायका आणायच्या नाहीत, आणि त्यांना चिनी भाषा कोणी शिकवायची नाही.

आपल्याकडे याच काळात, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डॅनिश) अशा टोपीकरांची यादी येते. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राज्ये आहेत. वखारीला जागा दिलीच तर समुद्राकाठी देऊ नये, पक्की इमारत बांधू देऊ नये, असा सल्ला तिथे आहे. माणसे तीच, धास्तीही तीच. कॅन्टनला त्या धास्तीची रोजच्या कारभारात घडी बसली, हा फरक.

या बंदराचा पहिला मोठा इतिहास होझिया बॅलू मोर्स यांनी उभा केला. १८७४ पासून १९०९ पर्यंत ते चीनच्या जकात खात्यात नोकरीला होते. निवृत्तीनंतर त्यांनी लंडनमधले ईस्ट इंडिया कंपनीचे कागद उपसले आणि १९२६ ते १९२९ दरम्यान १६३५ ते १८३४ या दोन शतकांचा वर्षवार वृत्तान्त पाच खंडांत काढला. अजूनही त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. मात्र त्यातले चिनी अधिकारी आणि व्यापारी आपल्याला भेटतात ते कंपनीच्या कारभाऱ्यांच्या नजरेतून. हे कारभारी लंडनच्या संचालकांना जाब देणारे. नफा कमी झाला, तर दोष कॅन्टनच्या माथी मारणे त्यांच्या सोयीचे होते. मोर्स यांच्या उतारवयात त्यांना भेटलेला एक तरुण म्हणजे जॉन किंग फेअरबँक. पुढे चीन आणि पश्चिमेच्या संबंधांवरची अमेरिकेतली इतिहासकारांची एक अख्खी पिढी फेअरबँक यांनी घडवली, आणि मोर्स यांच्या चौकटीचा बराच भाग तिच्याबरोबर पुढे गेला.

त्या चौकटीत आणखी एक सूर मिसळला होता. १८३३ च्या कायद्याने कंपनीची चीनमधली मक्तेदारी गेली आणि खासगी व्यापाऱ्यांचे राज्य आले. त्यांच्यातले जेम्स मॅथेसन यांनी १८३६ मध्ये लंडनमध्ये पुस्तिका काढून चीनवर कडक धोरणाची मागणी केली. कॅन्टन म्हणजे अपमान आणि अडवणूक, हा त्यांचा दावा. अफूच्या पेट्यांबद्दल हे लोक सार्वजनिक लेखनात जरा हात राखूनच लिहीत.

चिनी बाजूने लियांग जियाबिन यांनी १९३७ मध्ये तेरा हाँगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते स्वतः एका हाँग व्यापाऱ्याच्या घराण्यातले. मायकेल ग्रीनबर्ग यांनी १९५१ मध्ये जार्डिन-मॅथेसन या खासगी अफू व्यापारी पेढीची कागदपत्रे वापरली, तर फ्रेंच इतिहासकार लुई डर्मिन्यी यांनी १९६४ मध्ये कॅन्टनच्या व्यापाराचे अवाढव्य आकडे मांडले. १९९० मध्ये चेन कुओ-तुंग यांनी हाँग व्यापाऱ्यांचे दिवाळे का निघे, याचा छडा लावला. एरवी लाचखोरीवर सगळे खापर फुटे; त्यांनी बोट ठेवले ते अपुऱ्या खेळत्या भांडवलावर.

अडचण अशी की हाँग व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या वह्या जवळजवळ उरलेल्या नाहीत. कॅन्टनची वखारवस्ती १८२२ मध्ये जळाली आणि १८५६ मध्ये पुन्हा जळाली. व्हॅन डाइक यांचा मार्ग इथून फुटतो. चिनी व्यापाऱ्याची वही नसेल, तर त्याच्याशी सौदा केलेल्या सगळ्यांच्या वह्या एकमेकींशेजारी ठेवायच्या. डच कंपनीचे दप्तर हेगला आहे आणि त्यात कॅन्टनच्या रोजनिश्या आहेत. १७६० च्या दशकातल्या काही रोजनिश्या व्हॅन डाइक यांनी सिंथिया व्हियाले यांच्यासह इंग्रजीत आणल्या. डॅनिश कंपनीचे कागद कोपनहेगनला आहेत. कोणत्या दिवशी कोणते जहाज आले, कोणत्या हाँगाने कोणता चहा काय भावाने दिला, आगाऊ रक्कम किती घेतली, हे डॅनिश कारकून चिकाटीने लिहीत. स्वीडिश कंपनी सफरीचा हिशेब मिटला की वह्या जाळून टाकी, म्हणजे भागधारकांची नावे आणि नफा बाहेर फुटायला नको. सुदैवाने कॅन्टनला राहिलेल्या जाँ अब्राहम ग्रिल या स्वीडिश व्यापाऱ्याचे खासगी कागद शिल्लक राहिले. चिनी जंक जहाजांच्या सफरींत हाँग व्यापाऱ्यांचे आणि स्वीडिशांचे पैसे कसे गुंतले होते, हे त्यांवरून कळते.

एकाच दिवसाची नोंद तीन कंपन्यांच्या कारकुनांनी केलेली असली, की अतिशयोक्ती आपोआप उघडी पडते. असे ताडून पाहिल्यावर व्हॅन डाइक यांना दिसलेले कॅन्टन हे नीट चालणारे बंदर होते. नियम ठाऊक असलेले, दर बऱ्यापैकी स्थिर, उधारीवर विश्वास, आणि वर्षागणिक वाढता व्यापार. १७८४ मध्ये ब्रिटनने चहावरचा सुमारे ११९ टक्क्यांचा कर १२.५ टक्क्यांवर आणला. त्याने स्वीडिश-डॅनिश चहाच्या चोरट्या व्यापाराचा कणा मोडला आणि इंग्रज कंपनीची मागणी थोड्याच वर्षांत दुपटीहून अधिक झाली. कॅन्टनने ही वाढ पचवली. जाचक आणि मोडकळीला आलेल्या बंदराला ते जमले नसते. इतकेच काय, एक हाँग बुडाला तर बाकीच्यांनी त्याची परदेशी देणी सामाईक निधीतून फेडायची, ही रीत जोशुआ फोरमन यांनी नमुना म्हणून पुढे केली आणि १८२९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने बँकांसाठी तसा निधी उभारला. आजच्या ठेवविम्याचा तो एक पूर्वज.

तरी मला इथे थोडे थांबावेसे वाटते. जमाखर्चाच्या वहीत भाव दिसतो, भीती दिसत नाही. १७५९ मध्ये कंपनीचा दुभाषा जेम्स फ्लिंट कॅन्टनच्या तक्रारी घेऊन थेट पेकिंगजवळच्या तिएनत्सिनला गेला. त्याला मकावमध्ये तीन वर्षे कैद झाली. त्याची अर्जी चिनीत लिहून देणाऱ्याचे मात्र मुंडके उडवले. सुरळीत कारभाराची किंमत बहुतेकदा अशा मधल्या माणसांनी मोजली.

मग ही व्यवस्था का कोसळली? व्हॅन डाइक यांचे उत्तर मला सगळ्यांत पटणारे वाटते: ती ज्या गोष्टींमुळे चालली, त्यांच्यामुळेच पोखरली गेली. होप्पोची नेमणूक थोड्या वर्षांची, आणि पेकिंगला कळे ती दरसाल गेलेली रक्कम. रक्कम वाढती असली की प्रश्न येत नसत. अफूवर १७२९ पासून हुकूम निघत होते, पण ती कागदोपत्री कॅन्टनला येतच नव्हती. नदीच्या मुखाशी लिंटिन बेटाजवळ उभ्या जहाजांवर पेट्या उतरत. त्यातच १८२० च्या दशकात तांदूळ आणणाऱ्या जहाजांना बंदरपट्टीत सूट मिळाली. हेतू धान्य स्वस्त व्हावे हा. पण लिंटिनला अफू उतरवून तांदूळ भरायचा आणि सवलतीत वर जायचे, ही सोय झाली. १८३० मध्ये कलकत्त्याहून ‘फोर्ब्स’ ही आगबोट एक अफूवाहू जहाज ओढत लिंटिनला आली. वाटाडे, होड्या, भरती या सगळ्यांवर उभा असलेला पहारा आगबोटीपुढे कसा टिकणार? १८४१ मध्ये ‘नेमेसिस’ ही लोखंडी युद्धनौका उथळ खाड्यांतून आत शिरली.

या शेवटच्या अंकात मुंबई मोठ्या भूमिकेत आहे. चांदीऐवजी द्यायला काहीतरी हवे, म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून कच्चा कापूस कॅन्टनला जाऊ लागला, नंतर माळव्याची अफू. ती कधी मुंबईतून जाई, कधी पोर्तुगीज दमणमधून. जमशेटजी जीजीभॉय १८०५ मध्ये चीनच्या सफरीवर असताना फ्रेंचांच्या हाती सापडले. त्याच ‘ब्रन्सविक’ जहाजावर डॉक्टर होते विल्यम जार्डिन. पुढे जार्डिन-मॅथेसनशी जमशेटजींचा जो व्यवहार चालला, त्याच्या पत्रांच्या नकलवह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि आसिया सिद्दीकी यांनी १९८० च्या दशकात त्यांवर महत्त्वाचे काम केले. कॅन्टनच्या शेवटच्या वर्षांसाठी या वह्यांना युरोपीय रोजनिश्यांच्या शेजारी जागा मिळायला हवी, कारण कापूस आणि अफूचे धनी युरोपीय कंपन्यांच्या कारकुनांपेक्षा वेगळे काही लिहीत होते.

१८३९ मध्ये बादशहाने अफू रोखायला पाठवलेले अधिकारी लिन झश्यू यांनी ताब्यात घेऊन नष्ट केलेल्या वीस हजारांहून अधिक पेट्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा मालही बराच होता. नानकिंगच्या तहात चीनवर २ कोटी १० लाख डॉलरची खंडणी बसली. त्यांपैकी १ कोटी २० लाख युद्धखर्चाचे, ६० लाख अफूच्या भरपाईचे आणि ३० लाख हाँग व्यापाऱ्यांच्या थकलेल्या देण्यांचे. मुंबईकरांचे दावे त्या ६० लाखांवर होते. हाँगांची मक्तेदारी याच तहाने संपली, आणि १८३४ मध्ये स्वतःची मालमत्ता २ कोटी ६० लाख डॉलर सांगणारा त्यांचा म्होरक्या होउक्वा १८४३ मध्ये वारला.