यांगत्सेनं आणून टाकलेला जिल्हा

१६ सप्टेंबर २०२४ च्या सकाळी ‘बेबिंका’ हे वादळ शांघायवर आदळलं. १९४९ नंतर या महानगरानं अनुभवलेलं हे सर्वांत जोरदार वादळ. त्यानं किनारा ओलांडला तो लिंगांग नवनगरापाशी, शहराच्या आग्नेय टोकाला. हेच वादळ १९९० साली याच वाटेनं आलं असतं, तर तिथं त्याला नगर सोडाच, धड जमीनही भेटली नसती. आज लिंगांगचे रुंद रस्ते, कारखाने आणि मेट्रो स्थानक जिथं आहेत, त्यातल्या बऱ्याच भागावर तेव्हा रोज दोनदा भरतीचं पाणी चढायचं आणि उतरायचं.

हा मुलूख नानहुईचा. आधी ग्रामीण परगणा, २००१ पासून शांघायचा उपनगरी जिल्हा आणि २००९ मध्ये शेजारच्या पुडोंगमध्ये विलीन. नकाशात बघितलं तर उत्तरेला यांगत्से नदीचं मुख, दक्षिणेला हांगझोऊ उपसागर आणि दोहोंच्या मधोमध समुद्रात घुसलेलं एक बोथट नाक. शांघायकरांना नानहुई म्हटलं की रसाळ पीच आणि कलिंगडं आठवतात. भूशास्त्रज्ञाला मात्र इथं एक वेगळीच चैन आहे: पश्चिमेकडून पूर्वेकडं चालत जावं आणि पायाखालची जमीन शतकाशतकानं तरुण होत जावी.

ही चाल सुरू होते ती शांघायच्या पश्चिम उपनगरांतून. तिथं साधारण उत्तर-दक्षिण दिशेनं वाळू आणि फुटक्या शिंपल्यांचे अरुंद, लांबलचक उंचवटे गेले आहेत. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेला हा ढीग म्हणजे जुन्या समुद्राची कड. कार्बन कालमापनानुसार त्यांतले सर्वांत जुने उंचवटे सहा-सात हजार वर्षांपूर्वीचे आहेत. हिमयुग संपल्यावर चढत गेलेली समुद्रपातळी साधारण त्याच सुमारास स्थिरावली होती, आणि पाणी वर चढायचं थांबल्यावरच नदीचा गाळ जमीन पुढं सरकवू लागला. तिथून नानहुईचा आजचा किनारा पन्नासेक किलोमीटरवर आहे. मधली सगळी जमीन यांगत्सेची देणगी. पहिली काही हजार वर्षं हे काम रमतगमत चाललं. गेल्या दोनेक हजार वर्षांत वरच्या खोऱ्यांत जंगलं तुटली, डोंगरउतारांवर शेती चढली, माती सुटली आणि किनारा झपाट्यानं पूर्वेकडं निघाला.

माणसं त्याच्या मागोमाग गेली. सोंग आणि युआन राजवटींत हा भाग मिठासाठी प्रसिद्ध होता. १३३४ च्या सुमारास इथल्या श्याशा मिठागरावरचा अधिकारी चेन चुन यानं खारं पाणी मुरवून, उकळून मीठ काढण्याची पद्धत चित्रांसकट नोंदवून ठेवली आहे. पण किनारा पुढं गेला की जुन्या मिठागराला खारं पाणी मिळेनासं होई. चुली उचलून पूर्वेकडं हलवाव्या लागत. सोडलेल्या जमिनीतला खारेपणा पावसानं धुपला की तिथं आधी कापूस आणि मग भात पिके. १७३२ च्या वादळी उधाणानं इथं हाहाकार माजवला. पुढच्याच वर्षी नानहुईचा दंडाधिकारी छिन ल्येन यानं मातीचा लांब समुद्रबांध घालून घेतला, आणि लोकांनी बांधाला त्याचंच आडनाव दिलं. आज तो बांध समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत, शेता-रस्त्यांच्या गर्दीत सापडतो.

आता मुख्य प्रश्न. एवढी मोठी नदी, एवढा प्रवाह. मग गाळ थेट खोल समुद्रात वाहून न जाता नेमका इथंच का बसतो?

चिकणमातीचा एक कण घेऊ, जाडी मिलिमीटरचा पाचशेवा भाग. संथ गोड्या पाण्यात सोडला तर तो दिवसाला जेमतेम तीस सेंटिमीटर खाली जातो. दहा मीटर खोल पाण्याचा तळ गाठायला त्याला महिना लागेल, आणि वाहत्या नदीत तर तो कधी टेकायचाच नाही. अशा कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळं ते एकमेकांना दूर ढकलतात आणि सुटे सुटे तरंगत राहतात. नदीमुखाशी खारं पाणी मिसळलं की मिठातले धन आयन या भाराला वेढा घालतात, ढकलाढकल थांबते आणि जवळ आलेले कण चिकटतात. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं त्याच जातीची ही करामत आहे. दुधातले केसिनचे कण आम्लामुळं आपला भार गमावून गोळा होतात. पाण्यातले जिवाणू आणि शैवालं सोडतात तो चिकट पदार्थही इथं गोंदाचं काम करतो. तयार झालेला गाळाचा पुंजका एका कणापेक्षा शंभरपट किंवा त्याहूनही वेगानं बुडतो. महिन्याचं काम काही तासांवर येतं.

काही तास मिळणं मात्र महत्त्वाचं. भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढ्यात तळाजवळचे पुंजके टेकतात. नानहुईच्या नाकाशी यांगत्सेतून बाहेर पडणारा प्रवाह आणि हांगझोऊ उपसागरात आत-बाहेर करणारा प्रवाह एकमेकांपासून फुटतात. दोन जोरदार प्रवाहांच्या मधल्या कोनात पाणी मंदावणारच. म्हणून तिथं उथळ चिखलाचं विस्तीर्ण मैदान तयार झालं. भरती-ओहोटीतला फरक सरासरी तीनेक मीटर आणि उतार नावापुरता. त्यामुळं ओहोटीला समुद्र दूरवर मागं सरतो. कोकणात आपण ज्याला खाजण म्हणतो त्याचं हे अवाढव्य भावंड, फक्त पाठीशी सह्याद्री नाही आणि खाली कातळही नाही. शांघायचा पक्का खडक दोन-तीनशे मीटर मऊ गाळाखाली गाडलेला आहे.

बसलेला चिखल पुढच्या उधाणात पुन्हा उठू नये यासाठी गवत लागतं. उंची थोडी वाढली की त्यावर लव्हाळ्याच्या कुळातली एक ठेंगणी वनस्पती रुजते. ती मुख्यतः यांगत्सेच्या मुखाशी आणि हांगझोऊ उपसागरातच आढळते. तिच्या दांड्यांमध्ये पाणी मंदावतं, आणखी गाळ बसतो, जमीन आणखी चढते आणि मागून उंच बोरू येतो. तिच्या बिया आणि कंद हे बदकं, हंस, क्रौंच यांचं हिवाळ्यातलं अन्न.

इथं माणसाची घाई आड आली. १९७९ मध्ये चीननं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून स्पार्टिना नावाचं खारं गवत आणलं. उंच, दाट, मुळं घट्ट. किनारा राखायला आणि गाळ धरायला याहून चांगलं काय! शांघायमध्ये त्याला एक अजब नोकरीही मिळाली. पुडोंगचा नवा विमानतळ, जो १९९९ मध्ये सुरू झाला, तो किनाऱ्याच्या चिखलमैदानालगत बांधला जात होता, म्हणजे पाखरांच्या हक्काच्या जागेवर. पक्षी आणि विमानं एका आकाशात नकोत म्हणून १९९७ मध्ये समोरच्या जिउदुआनशा या गाळाच्या बेटावर स्पार्टिना आणि बोरू लावले गेले, जेणेकरून हिरवळ वाढेल आणि पाखरं तिकडं वळतील. गवत वाढलं, फारच वाढलं. त्यानं देशी लव्हाळा दाबून टाकला आणि भिंतीसारख्या दाट रानात पाणपक्ष्यांना चोच घालायला जागा उरली नाही. शेजारच्या चोंगमिंग बेटावर २०१३ पासून मोठाच खटाटोप करावा लागला: बांध घालून स्पार्टिनाचा पट्टा वेगळा काढायचा, गवत कापायचं आणि महिनोन्‌महिने पाण्याखाली बुडवून मुळं कुजवायची. २०२२ मध्ये तर देशभर स्पार्टिना हटवण्याची चार वर्षांची सरकारी मोहीम सुरू झाली. आणलं होतं ते सरकारी शास्त्रज्ञांनीच, हे विसरून चालणार नाही.

जमीन मिळवण्याची रीतही बदलली. पूर्वी गाळ पुरेसा उंच होऊन त्यावर बोरू माजेपर्यंत लोक थांबत आणि मगच बांध घालत. वीस-तीस वर्षांत एक पट्टा पिकत असे. १९९० च्या दशकात शहराला तेवढी सवड राहिली नाही. समुद्रात आडवे-उभे दगडी बांध टाकून गाळ लवकर बसवायचा आणि ओहोटीतही पाण्याखाली असलेल्या तळाला कुंपण घालून आत बोटींनी उपसलेली वाळू-माती पाण्याबरोबर पंपानं सोडायची, असं सुरू झालं. लिंगांगसाठी अशा रीतीनं शंभराहून अधिक चौरस किलोमीटर जमीन मिळवली गेली. मधोमध दीशुई हा गोल तलाव, व्यास अडीच किलोमीटरच्या वर. पाण्यात थेंब पडल्यावर उठणाऱ्या वलयांसारखे त्याच्याभोवती रस्ते, अशी एका जर्मन वास्तुसंस्थेची कल्पना. विमानातून फार देखणं दिसतं. जमिनीवर चालणाऱ्याला इतक्या मोठ्या वर्तुळांचं कौतुक कितपत वाटत असेल, याची मला शंका आहे.

पंपानं भरलेली ही माती सुरुवातीला माणसाचंही वजन पेलत नाही. तिच्यात मातीपेक्षा पाणी जास्त असतं. ते काढायची एक हुशार पद्धत आहे. मीटरभर अंतरावर प्लास्टिकच्या निचरापट्ट्या खोलवर उभ्या खुपसायच्या, वर वाळूचा थर द्यायचा, सगळ्यावर हवाबंद ताडपत्री अंथरून कडा चिखलात गाडायच्या आणि आतली हवा पंपानं ओढायची. मग बाहेरच्या वातावरणाचाच दाब ताडपत्रीवरून जमिनीवर बसतो. तो साधारण चार मीटर उंच मातीच्या भरावाइतका भरतो आणि त्यासाठी मातीचा एक ट्रकही आणावा लागत नाही. काही महिने पाणी पट्ट्यांतून वर येत राहतं आणि जमीन खाली बसत जाते. तरीही मोठ्या इमारतींना खोल खांबांचा पाया लागतोच, आणि जमिनीचं खचणं वर्षानुवर्षं चालू राहतं. उपग्रहावरच्या रडारनं ते मिलिमीटरांत मोजलं जातं. खचण्याचा धडा शांघायनं आधीच घेतला होता. भूजलाच्या उपशामुळं १९२१ ते १९६५ या काळात मध्यवर्ती शहर सरासरी दीड मीटरहून अधिक खचलं. थंडाव्यासाठी सर्वाधिक भूजल ओढणाऱ्यांत कापडगिरण्या होत्या. पुढं त्याच विहिरींतून हिवाळ्यात थंड पाणी जमिनीत परत भरायचं आणि उन्हाळ्यात तेच थंडाव्यासाठी वापरायचं, अशी युक्ती निघाली आणि खचणं बरंच आटोक्यात आलं.

गंमत म्हणजे ज्या गाळानं जिल्हा दिला, त्यानंच बंदर नाकारलं. यांगत्सेच्या मुखाशी गाळाचा उंबरठा आहे, मोठ्या कंटेनर जहाजांना तिथं हवी तेवढी खोली मिळत नाही. शेवटी शांघायनं आपलं खोल पाण्याचं बंदर खडकाळ यांगशान बेटांवर नेलं आणि नानहुईच्या किनाऱ्यावरून तिथपर्यंत ३२.५ किलोमीटरचा डोंगहाय पूल बांधला. दोन्ही डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाले. लिंगांग नगर वसलं ते मुळात या बंदराच्या पाठबळासाठी.

इकडं जमिनीची मागणी वाढत होती आणि तिकडं नदीचा हात आखडत होता. डाटोंग हे यांगत्सेवरचं मोजणीचं ठिकाण समुद्रापासून सहाशेहून अधिक किलोमीटर वर आहे. भरतीचा परिणाम तिथपर्यंत जाणवतो. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथून वर्षाला ४५ ते ५० कोटी टन गाळ जात असे. उपनद्यांवरची धरणं आणि डोंगरउतारांवरचं मृद्‌संधारण यांमुळं १९८० च्या दशकापासून तो घटू लागला. जून २००३ मध्ये थ्री गॉर्जेस धरणात पाणी साठवायला सुरुवात झाली आणि आकडा १५ कोटींच्या आसपास आला. २००६ च्या दुष्काळात तर तो साडेआठ कोटींवर घसरला. त्यातलाही बराचसा गाळ डोंगरातला नव्हे, तर धरणाखालच्या पात्राचा: गाळ धरणात ठेवून निघालेलं स्वच्छ पाणी स्वतःचाच तळ खरवडत खाली येतं.

परिणाम किनाऱ्यावर लगेच दिसत नाही, म्हणून फसायला होतं. नानहुईत बांधांच्या आडोशाला चिखल अजून साचतो. झीज सुरू झाली आहे ती बाहेर, त्रिभुज प्रदेशाच्या पाण्याखालच्या उतारावर. काही पट्ट्यांत लाटा जुना गाळ उकरतात आणि त्यातलाच थोडा भरतीबरोबर आत येऊन बसतो. म्हणजे आत दिसणारी वाढ काही अंशी बाहेरच्या साठ्यातून आलेली आहे. समोरचं मैदान खोल झालं की लाट बांधापर्यंत जास्त जोरानं पोचते; रुंद, गवताळ चिखल तिची शक्ती आधीच खाऊन टाकतो. स्पार्टिना उपटण्यातली अडचणही हीच: त्रासदायक असलं तरी हे गवत लाटा अडवण्यात देशी लव्हाळ्यापेक्षा सरस आहे.

जुलै २०१८ मध्ये चीन सरकारनं समुद्र भरून जमीन करण्यावर जवळपास सरसकट बंदी आणली. केवळ राष्ट्रीय महत्त्वाचे मोठे प्रकल्प तिला अपवाद. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून सैबेरिया-अलास्काकडं जाणारे किनारपक्षी याच चिखलांवर थांबून चरबी साठवतात, आणि भरावांमुळं त्यांची संख्या ढासळली होती. अवघे काहीशे उरलेले चमचाचोचे तुतारी पक्षीही नानहुईत दिसले आहेत. जुलै २०२४ मध्ये चोंगमिंगचा पूर्वेकडचा चिखल जागतिक वारसा यादीत गेला. तो निर्णय झाला नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत. नानहुईचं मैदान त्या नकाशात नाही.

दरम्यान नदीमुखातला जहाजमार्ग २०१० मध्ये साडेबारा मीटर खोल करून झाला, आणि तेवढाच खोल ठेवण्यासाठी वर्षभर उपसावा लागतो. दरवर्षी निघणारा कोट्यवधी घनमीटर गाळ पूर्वी बहुतेक समुद्रात टाकून देत. आता त्यातला बराचसा नळांतून जवळच्या हेंगशा बेटाच्या पूर्वेकडच्या उथळ भागात नेऊन भरतात.