जुनी फोर बाय फोर घेऊन सीमेपार: कार्नेटचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

कार्नेट म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेताना सीमेवर दाखवायची कस्टम्सची पुस्तिका. तिच्या दर्शनी पानावर गाडीची कुंडली मांडलेली असते. नोंदणी क्रमांक, चेसिस नंबर, इंजिन नंबर, सिलिंडर किती, अश्वशक्ती किती, बॉडी कोणत्या प्रकारची, रंग कोणता, सीटचं कापड कसलं, बसायच्या जागा किती, रेडिओ कुठल्या कंपनीचा, स्टेपन्या किती, वजन आणि किंमत. सीमेवरचा कस्टम्स अधिकारी हे पान हातात धरून गाडीभोवती फेरी मारतो. जुनी गाडी खोलून, नव्याने उभी करून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांची गोची इथेच होते, कारण त्यांनी नेमके हेच रकाने बदललेले असतात. इंजिन दुसरं बसवलेलं, रंग नवा, मागचे बाक काढून तिथे झोपायची फळी, टपावर दोन जादा स्टेपन्या. बहुतेक जण गाडी तयार झाल्यावर अर्जाकडे वळतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. पाना हातात घेण्याआधी कागद उघडावेत.

कार्नेट आहे काय?

पूर्ण नाव फ्रेंच आहे, कार्नेट द पासाज आं दुआन. लोक याला गाडीचा पासपोर्ट म्हणतात, पण याचा खरा स्वभाव हमीपत्राचा. परक्या देशात गाडी शिरली की तिथल्या कायद्याने ती आयात ठरते आणि आयात कर मागता येतो. कार्नेट त्या देशाला सांगतं की ही गाडी विकायला आणलेली नाही, मुदतीत बाहेर जाईल, आणि नाही गेली तर कराची भरपाई होईल. ही हमी कार्नेट देणारा राष्ट्रीय ऑटोमोबाइल क्लब घेतो. असे क्लब एफआयए आणि एआयटी या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या साखळीत असतात. कायद्याचा पाया खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयीच्या १९५४ च्या न्यूयॉर्क कराराचा, आणि पुढे १९९० च्या इस्तंबूल कराराचा.

सगळीकडे ते लागतं असं नाही. इराण, पाकिस्तान, भारत, नेपाळ, इजिप्त, ऑस्ट्रेलिया, जपान हे कार्नेट मागणारे ठळक देश. युरोपात आणि मध्य आशियात त्याशिवाय फिरता येतं. दक्षिण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा परवाना मिळतो. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्सवाना, लेसोथो आणि एस्वातिनी यांचा सीमाशुल्क संघ एकच असल्याने कार्नेटच्या हिशेबात ते एकच क्षेत्र. म्हणून नकाशावर मार्ग आखल्याशिवाय अर्जाला हात घालू नये. पुस्तिका ५, १० किंवा २५ पानांची असते आणि प्रत्येक प्रवेशाला एक पान जातं. एखाद्या देशात दोनदा शिरायचं असेल तर दोन पानं धरावीत.

अर्ज कोण करू शकतो?

गाडी चालू नोंदणीची हवी आणि अर्जदार तिचा मालक, नाहीतर मालकाचं अधिकृत संमतीपत्र असलेला. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर हे पत्र नोटरीकडून करून घ्यावं, आणि त्यात देशांची नावं स्पष्ट लिहावीत. साधारणपणे गाडीची नोंदणी ज्या देशात आहे तिथल्या क्लबकडे अर्ज करतात. दुसरी अट लोकांच्या पटकन लक्षात येत नाही: तात्पुरती आयात ही त्या देशाबाहेर राहणाऱ्यासाठीची सवलत आहे. ज्या देशात तुमचं कायमचं वास्तव्य आहे, तिथे परदेशी नोंदणीची गाडी कार्नेटवर आणून वापरायला बसलात तर अडचणीत याल.

गाडीच्या वयाची आडकाठी कार्नेटला नसते. अडतं ते तिच्या ओळखीपाशी.

चेसिस, इंजिन आणि बाकी ओळख

जुन्या लँड रोव्हरचं उदाहरण घ्या. या गाड्या १९४८ पासूनच्या. वरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्यामुळे तो लोखंडासारखा गंजत नाही. खालची चौकट मात्र पोलादी. वरून गाडी ठणठणीत आणि खाली चेसिसची चाळणी, हे दृश्य या गाड्या बाळगणाऱ्यांना नवं नाही. सीरीज म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या लँड रोव्हरमध्ये चेसिसचा, म्हणजे या चौकटीचा, नंबर उजव्या बाजूच्या पुढच्या स्प्रिंग-हँगरवर (स्प्रिंग अडकवायच्या आधारावर) ठोकलेला असतो, म्हणजे चाकाचा चिखल उडतो त्याच जागी. तिथे ग्राइंडर फिरला, किंवा गॅल्व्हनायझिंगचा जस्ताचा थर उथळ आकड्यांत भरला, की नंबर वाचता येत नाही. वाचता न येणारा नंबर कस्टम्सच्या लेखी नसल्यासारखाच.

म्हणून गाडी खोलायच्या पहिल्या दिवशी नंबर स्वच्छ करून त्याचा फोटो घ्यावा आणि पेन्सिलने कागदावर छाप काढून ठेवावी. डॅशबोर्डवरची किंवा बल्कहेडवरची (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरची) कंपनीची पाटी काढली असेल तर तीही जपावी. संपूर्ण चेसिस बदलायची असेल तर बाजारात मिळणारी नवी चौकट कोरी येते. तिच्यावर जुना नंबर स्वतःच ठोकून घ्यायचा मोह होतो. अजिबात करू नये. कितीतरी देशांत तो गुन्हा आहे, आणि चोरीच्या गाड्या खपवणारेही हेच करतात. आधी नोंदणी अधिकाऱ्याची लेखी परवानगी, मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे नंबर. नव्या चेसिसची पावती फाइलला आणि परवानगी हातात पडेपर्यंत जुनी चेसिस भंगारात द्यायची नाही.

इंजिनाचं असंच. जुनं सव्वादोन लिटरचं पेट्रोल इंजिन काढून तिथे लँड रोव्हरचंच २०० टीडीआय हे टर्बो डिझेल इंजिन बसवणं हा नावाजलेला बदल आहे, आणि लांबच्या वाटेला तो शहाणपणाचाही आहे. पण त्या एका बदलाने इंजिन नंबर, इंधनाचा प्रकार आणि अश्वशक्ती हे तीन रकाने बदलतात. हे सगळं आधी नोंदणी प्रमाणपत्रावर चढलं पाहिजे; क्लब कार्नेट भरताना तेच प्रमाणपत्र समोर ठेवतो. रंगबदल, आसनसंख्या आणि बंद हौद्याचा कॅम्पर केला असेल तर बॉडीचा प्रकार, हेही त्याच फेरीत उरकावं. दुसऱ्या गाडीतून आणलेल्या इंजिनाच्या खरेदीची पावती नसेल तर नोंदणी कार्यालय तिथेच अडवतं.

एक बारीक गोष्ट. १७ अक्षरांचा ओळख क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाड्यांचे नंबर आखूड आणि कंपनीगणिक वेगळे. ऑनलाइन अर्ज १७ अक्षरं मागत अडून बसला तर पुढे शून्यं जोडू नका. चेसिसवर जे आहे तेच आणि तेवढंच लिहायचं. गरज पडली तर क्लबला फोन करून अर्ज कागदावर भरून द्यावा.

काय काय जोडायचं

पासपोर्टची प्रत, पत्त्याचा पुरावा, वाहनपरवाना, गाडीचं अद्ययावत नोंदणी प्रमाणपत्र, गाडीचे फोटो, चेसिस आणि इंजिन नंबरचे जवळून काढलेले फोटो, देशांची यादी तारखांसह, किमतीचा पुरावा, सहीचा करारनामा आणि फी. एवढं बहुतेक क्लब मागतातच. त्यावर हमी.

हमी तीन प्रकारे देता येते: रोख अनामत, बँक हमी किंवा विमा, यातले कुठले पर्याय उपलब्ध आहेत ते क्लबवर अवलंबून. रक्कम गाडीची किंमत आणि मार्गातल्या सर्वांत चढ्या कराच्या देशावरून ठरते. म्हणजे यादीत एखादा महागडा देश 'जमलं तर जाऊ' म्हणून घातला की सगळ्या प्रवासाची अनामत फुगते. किमतीचा प्रश्न जुन्या गाडीत आणखी अवघड. नव्याने उभ्या केलेल्या गाडीचा विमा तुम्ही तिच्यावर ओतलेल्या पैशांच्या हिशेबाने काढलेला असतो, आणि तोच आकडा अर्जात टाकला तर हमीही तेवढी चढते. कमी लिहिली तर कस्टम्सला संशय. स्वतंत्र मूल्यांकनकर्त्याकडून आजच्या बाजारभावाचं पत्र घ्यावं, हा मधला मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो. गॅरेजची बिलं स्वतंत्र फाइलमध्ये.

तीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी फिवा ही १९६६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना ओळखपत्र देते. छान कागद आहे, पण त्याने कस्टम्सचं दार उघडत नाही. शिवाय फिवाला गाडी इतिहासाशी प्रामाणिक हवी असते, आणि प्रवासाला निघालेल्या गाडीवर जादा टाकी, टपावरचा तंबू आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) असतो. दोन्ही हौशी एकाच गाडीवर भागवणं कठीण.

बाकीचे कागद

आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा असेल तर एक वर्ष चालतो, १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा जास्तीत जास्त तीन वर्षं. कोणता देश कोणता मानतो ते पाहून घ्यावा, कधी दोन्ही लागतात. मूळ परवाना सोबत हवाच. तृतीय पक्ष विम्यासाठी युरोप आणि शेजारी देशांत ग्रीन कार्ड, आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या अनेक देशांत कोमेसा या तिथल्या व्यापारसंघाचं यलो कार्ड. इतरत्र सीमेवर विकत मिळतो. चीनमध्ये आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही, तिथे तात्पुरता स्थानिक परवाना आणि नंबरप्लेट घ्यावी लागते.

ऑस्ट्रेलियाचा विचार असेल तर गॅरेजमध्येच सावध व्हा. ३१ डिसेंबर २००३ पासून तिथे ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे, आणि जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये, गॅस्केटमध्ये ते हमखास सापडतं. असे भाग बदलल्याच्या पावत्या आणि तपासणीचा अहवाल सोबत ठेवावा. चेसिसच्या पोकळीतला चिखल आणि गवताचं बीसुद्धा तिथे अडवतात.

सीमेवर आणि परतल्यावर

प्रत्येक पानाचे तीन भाग. प्रवेशाच्या वेळी खालचा भाग कस्टम्स फाडून घेतं, बाहेर पडताना मधला. वरचा भाग पुस्तिकेत राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के हवेत. अधिकारी घाईत असला, रांग लांब असली, तरी शिक्का, तारीख आणि सही पाहिल्याशिवाय गाडीला किल्ली लावायची नाही. पुस्तिकेची मुदत एक वर्ष; पण एखाद्या देशात गाडी किती दिवस ठेवता येईल हे तो देश ठरवतो. मुदत अपुरी पडणार असं दिसलं तर संपण्याआधीच आपल्या क्लबला कळवावं.

वाटेत इंजिन बसलं आणि बदलावं लागलं तर तिथल्या कस्टम्सकडून लेखी नोंद घ्या आणि क्लबला कळवा. दुरुस्तीसाठी मागवलेला सुटा भाग तात्पुरत्या आयातीत येऊ शकतो, पण मग काढलेला जुना भाग परत न्यायचा असतो, किंवा कस्टम्सच्या ताब्यात द्यायचा, किंवा त्यांच्या देखत नष्ट करायचा. गाडी चोरीला गेली वा जळाली तर पोलिसांचा अहवाल त्याच दिवशी घ्यावा, कारण कराची मागणी तरीही येऊ शकते.

परतल्यावर पुस्तिका क्लबला द्यायची, तेव्हाच हमी मोकळी व्हायला सुरुवात होते. एखाद्या देशाचा बाहेर पडल्याचा शिक्का राहिला असेल तर स्थान-प्रमाणपत्र लागतं: कस्टम्स, पोलीस किंवा वकिलातीतला अधिकारी गाडी डोळ्यांनी पाहून, नंबर ताडून, ती इथे आहे असं लिहून देतो. कराराप्रमाणे परदेशी कस्टम्सला पुस्तिकेची मुदत संपल्यापासून वर्षभरात तक्रार कळवावी लागते, म्हणून काही क्लब अनामत तोवर धरूनही ठेवतात. ती हातात येईपर्यंत इंजिन बदलायचं नाही, आणि गाडीला नवा रंगही द्यायचा नाही.