एका रंगात काम छापून घेताना

“एकाच रंगात छापलं तर स्वस्तातलं दिसेल का?” असं गिऱ्हाईक आमच्या प्रेसच्या काउंटरवर नेहमी विचारतं. सगळा मजकूर सारखाच गडद छापला, तर दिसेल. त्याच शाईच्या गडद-फिक्या छटा नीट वापरल्या, तर लेटरहेड असो की हँडबिल, काम उठून दिसतं.

ऑफसेट मशीनवर चार रंगांच्या कामाला चार प्लेटा, म्हणजे छपाईचे पत्रे, लागतात, एका रंगाला एकच. फिक्या छटेसाठी वेगळी शाई लागत नाही. तीच शाई बारीक ठिपक्यांत छापतात, मधून कागद दिसतो आणि रंग फिका वाटतो. हे आम्ही टक्क्यांत मोजतो: दुकानाचं नाव १००, मधली पट्टी साधारण ४०, मागची पार्श्वभूमी १० ते १५.

म्हणजे एका प्लेटवर शाई फिकी करता येते, गडद नाही. त्यामुळे मूळ रंगच गडद निवडा: नेव्ही ब्लू, बॉटल ग्रीन, मरून, चॉकलेटी.

सांगलीत खरी पंचाईत होते हळदवाल्यांची. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पाकिटावर पिवळा हवा हा हट्ट आम्हालाही पटतो. पण पांढऱ्यावर पिवळी अक्षरं वाचता येत नाहीत, त्याची १५ टक्के छटा तर दिसतच नाही. गडद करायला काळा मिसळला की पिवळा शेवाळी होतो, आणि शेवाळी हळद कोण घेईल? आमचा सल्ला: कागदच पिवळा घ्या, त्यावर चॉकलेटी शाई. प्लेट एकच लागते. चार रंगांचं बजेट असेल, तर पिवळ्याच्या गडद छटा नारंगी-तपकिरीकडे झुकवून घेऊ.

लग्नपत्रिकेवाल्यांनी ध्यानात घ्यावं, कुंकवाचा लाल ३० टक्क्यांवर गुलाबी होतो. गुलाबी नको असेल तर लाल भरीवच, म्हणजे १०० टक्के, ठेवा.

फोन आणि जीएसटी नंबर कायम १०० टक्क्यांत. फिक्या छटेत ठिपक्यांमुळे बारीक अक्षरांच्या कडा फाटतात. खाकी कागदावर फिकी छटा मळकट दिसते, तिथे दोन छटा पुष्कळ झाल्या.

रंग मोबाइलवर बघून पक्का करू नका. पडदा उजेडाचा, कागद शाईचा. प्रेसमध्ये येऊन तुमच्याच कागदावरचा नमुना बघा. त्याचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. त्यात अक्षरं पार्श्वभूमीत मिसळली, तर छटा बदलून देऊ. येताना जुनं बिलबुक किंवा पाकीट असेल तर सोबत आणा.