कलात्मक भयपट : प्रेक्षकांतील दुमत

कमी खर्चात आणि कथानकापेक्षा वातावरण, दृश्यरचना व ध्वनी यांवर भर देऊन केलेल्या भयपटाबद्दल प्रेक्षकांत पडणारे दोन टोकाचे तट. एकाच खेळाला बसलेल्यांपैकी काहींना रात्री दिवा मालवायची हिंमत होत नाही, तर काहींना ‘काही घडतच नाही’ म्हणून तिकिटाचे पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटते. मधले मत विरळा आढळते. हे दुमत एखाद्या चित्रपटाच्या बऱ्यावाईटपणातून उपजते असे सहसा मानले जाते. प्रस्तुत नोंदीत मात्र ते या चित्रप्रकाराच्या घडणीचा आणि त्याची जाहिरात ज्या रीतीने होते तिचा परिणाम मानले आहे.

येथे खर्चाला केवळ हिशेबापुरते महत्त्व नाही. पैसा कमी असला की पात्रे मोजकी राहतात, चित्रीकरण एखाद्या घरात उरकावे लागते आणि पिशाच वा राक्षस दाखवणे परवडत नाही. न दाखवता सुचवणे ही अडचणीतून आलेली सोय आणि तीच शैली, अशी दुहेरी भूमिका बजावते. त्यामुळे पडद्यावरचा अंधार दिग्दर्शकाने योजलेला की नाइलाजाचा, हा प्रश्न जवळपास प्रत्येक चित्रपटाबाबत उठतो आणि प्रेक्षकांच्या वादाची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

उगम : या परंपरेचा आरंभ रोबेर्ट वीने यांच्या ‘कॅलिगरी’ या जर्मन मूकपटापासून (१९२०) धरण्याचा प्रघात आहे. तिरप्या भिंती, टोकदार खिडक्या आणि कापडावर रंगवलेल्या सावल्या ही त्याची ओळख. स्टुडिओला वीज पुरत नव्हती म्हणून सावल्या रंगवल्या, अशी कथा पुष्कळ ठिकाणी आढळते. परंतु नेपथ्यकारांनी ती शैली म्हणूनच निवडली होती हे मत अधिक ग्राह्य वाटते. खरा वाद आहे तो चौकटकथेचा, म्हणजे मुख्य गोष्टीला बाहेरून वेढणाऱ्या गोष्टीचा. चित्रपटाच्या शेवटी कळते की सारी हकीकत वेड्यांच्या इस्पितळातील एक रुग्ण सांगत होता. ही चौकट लेखकांच्या मनाविरुद्ध लादली गेली आणि तिने सत्ताविरोधी कथेचा कणाच मोडला, असे चित्रपट-अभ्यासक झीगफ्रीट क्राकाउअर यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यांचा मुख्य आधार सहलेखक हान्स यानोविट्स यांच्या आठवणींचा होता. दिग्दर्शनासाठी आधी ज्यांचे नाव ठरले होते त्या फ्रिट्स लांग यांनी चौकटीच्या कल्पनेचे श्रेय स्वतःकडे घेतले आहे. पुढे, प्रमुख नट वेर्नर क्राउस यांनी जपून ठेवलेली पटकथेची प्रत उजेडात आली व १९९५ मध्ये छापली गेली. तिच्यात आरंभी एक चौकट आहेच : बऱ्याच वर्षांनी नायक पाहुण्यांना जुनी गोष्ट सांगतो आहे. वेड्यांचे इस्पितळ मात्र तिच्यात नाही. म्हणजे मूळ संहितेत चौकट नव्हती हे विधान टिकत नाही. निवेदकालाच वेडा ठरवणारी कलाटणी नंतरची, एवढेच खात्रीने म्हणता येते.

हा तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण असे की पुढच्या शंभर वर्षांतील भांडणाचे बीज त्यात आहे. शेवटी उलगडा करावा की प्रेक्षकाला संभ्रमातच घरी पाठवावे? वीने यांच्या चित्रपटाने उलगडा केला, पण निवेदकाला वेडा ठरवणाऱ्या शेवटच्या प्रसंगातही भिंती तिरप्याच राहिल्या. निवेदकाची गोष्ट संपली तरी जग सरळ होत नाही. हे जाणूनबुजून केले की घाईत राहून गेले, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही.

प्रेक्षकांतील फूट उघडपणे दिसलेले पहिले ठळक उदाहरण म्हणजे डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर यांचा ‘व्हॅम्पिर’ (१९३२). त्याला पैसा पुरवला निकोला द गुंझबुर्ग या हौशी उमरावाने आणि त्या बदल्यात ‘जुलियन वेस्ट’ या नावाने नायकाची भूमिकाही केली. बहुतेक नट अव्यावसायिक होते. चित्रीकरण फ्रान्समधील खऱ्या इमारतींत झाले. आरंभीच्या काही दृश्यांवर चुकून प्रकाश पडून ती धुरकट झाली. ड्रायर व छायाचित्रकार रुडॉल्फ माटे यांना तो राखाडी रंगच भावला आणि पुढचे चित्रण त्यांनी भिंगासमोर झिरझिरीत कापड धरून केले, असे सांगितले जाते. सावली माणसापासून सुटून स्वतंत्र चालते, नायक शवपेटीच्या काचेतून स्वतःचीच अंत्ययात्रा पाहतो. या दृश्यांची मांडणी आज चित्रपटशाळांत शिकवली जाते. ६ मे १९३२ रोजी बर्लिनमधील पहिल्या खेळाला मात्र प्रेक्षकांनी हुर्यो केली. व्हिएन्नात लोकांनी पैसे परत मागितले आणि प्रकरण मारहाणीवर येऊन पोलिसांपर्यंत गेले, अशी नोंद वारंवार येते. तिच्यातील मारहाणीचा तपशील थोडा जपूनच घ्यावा. ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे अमेरिकी बोलपट (दोन्ही १९३१) आधीच येऊन गेले होते. त्या सरळ, वेगवान भयकथांनी प्रेक्षकांची अपेक्षा घडवलेली असताना ड्रायर यांची स्वप्नासारखी सैल मांडणी समोर आली. ड्रायर यांचा पुढचा कथापट येण्यास सुमारे अकरा वर्षे लागली.

हॉलिवुडमध्ये निर्माता व्हॅल ल्युटन यांनी वेगळी वाट काढली. आर.के.ओ. कंपनीने त्यांना दीड लाख डॉलरची मर्यादा आणि आधीच ठरवलेली भडक शीर्षके दिली. आत काय करायचे ते बहुतांशी त्यांच्यावर सोडले. ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) जलतरण तलावाच्या प्रसंगात केवळ पाण्याची हलती छाया आणि गुरगुर आहे. त्याच चित्रपटात रात्रीच्या रस्त्यावर पाठलागाचा ताण शिगेला पोचतो आणि अचानक एक बस कर्कश आवाज करत येऊन थांबते. पुढे भयपटांनी झिजवून टाकलेला दचकवण्याचा हा प्रकार, आजच्या बोलीत ‘जंप स्केअर’, अशा सूचक, काटकसरी चित्रपटात रूढ झाला ही गोष्ट सहसा विसरली जाते. ‘कॅट पीपल’ चांगला चालला. प्रेक्षकाला दचकण्याची हमी मिळाली की बाकीचे सूचकपण तो आनंदाने स्वीकारतो, असा निष्कर्ष यावरून काढता येईल.

तशी हमी न देणाऱ्यांचा प्रवास खडतर झाला. औद्योगिक माहितीपट करणाऱ्या हर्क हार्वी यांनी सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये केलेला ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (१९६२) वितरणात वाया गेला. तो जगला दूरचित्रवाणीच्या अपरात्रीच्या प्रक्षेपणांवर आणि १९८९ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला. डेव्हिड लिंच यांच्या ‘इरेझरहेड’ला (१९७७) वितरक बेन बॅरनहोल्ट्झ यांनी मध्यरात्रीच्या खेळांमध्ये आणले. तेथे येणारा प्रेक्षक विचित्र पाहण्याच्या तयारीनेच येई, त्यामुळे दुमताचा प्रश्नच जवळपास मिटला. मायकेल पॉवेल यांच्या ‘पीपिंग टॉम’ची (१९६०) गोष्ट याच्या उलट : समीक्षकांनी तो झोडपला आणि दोन दशकांनी समीक्षकांनीच डोक्यावर घेतला.

स्वरूप व मोजमाप : दुमत मोजताना सरासरी फसवते. दहापैकी पाच गुण म्हणजे सर्वांना बेताचा वाटलेला चित्रपटही असू शकतो आणि निम्म्यांनी नऊ, निम्म्यांनी एक दिलेलाही. कलात्मक भयपटांचे गुणवितरण पुष्कळदा दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे द्विशिखरी असते; एकच आकडा छापला की नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

अमेरिकेतील ‘सिनेमास्कोर’ ही संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री चित्रपटगृहाबाहेर प्रेक्षकांकडून मतपत्रिका भरून घेते आणि ‘ए-प्लस’ ते ‘एफ’ अशी श्रेणी देते. समीक्षकांनी वाखाणलेल्या भयपटांना येथे मिळालेल्या श्रेणी बोलक्या आहेत : ‘द विच’ला ‘सी-मायनस’, ‘इट कम्स ॲट नाइट’ला (२०१७) ‘डी’, ‘हेरेडिटरी’ला (२०१८) ‘डी-प्लस’. या श्रेणींवरून प्रेक्षक अडाणी ठरवणे किंवा समीक्षक ढोंगी ठरवणे, दोन्ही चूक आहे. पहिल्या रात्री येणारा माणूस जाहिरात पाहून आलेला असतो. म्हणून ही श्रेणी चित्रपटाचा दर्जा फारसा सांगत नाही. जाहिरातीने दिलेले वचन आणि पडद्यावर मिळालेली वस्तू यांतील अंतर ती सांगते. ‘इट कम्स ॲट नाइट’चे शीर्षकच रात्री काहीतरी येणार असे सांगते. प्रत्यक्षात येतो तो रोगाचा संशय, आणि त्यापायी दोन कुटुंबांचा एकमेकांवरचा विश्वास उडतो. प्रेक्षकाचा राग समजण्यासारखा आहे. ‘हेरेडिटरी’ मात्र ही श्रेणी मिळूनही जगभर आठ कोटी डॉलरच्या आसपास कमावून गेला. नाराजी आणि गर्दी एकत्र नांदू शकतात.

उपपत्ती : साहित्यविचारक त्स्व्हेतान तोदोरोव्ह यांच्या मते (१९७०) अद्भुताचा प्राण म्हणजे दोलायमानता : घडते ते अलौकिक की भ्रम, हे न ठरणे. कलात्मक भयपट ही दोलायमानता अखेरपर्यंत ताणून धरतो. कलातत्त्वज्ञ नोएल कॅरल (१९९०) नेमकी दुसरी बाजू धरतात. भयकथेचा आनंद कुतूहलाचा आहे. राक्षस आहे की नाही, तो काय आहे, हे पायरीपायरीने कळत जाण्यात तो असतो. तोदोरोव्ह वाचून चाहत्याचे समाधान समजते, कॅरल वाचून नाराज प्रेक्षकाचे दुःख. दोघांतील विरोध वाटतो तितका खोल नाही. ते दोन वेगळ्या प्रेक्षकांविषयी बोलत आहेत, एवढेच.

संस्कृत रसचर्चेत या प्रश्नाची पूर्वतयारी आढळते. ‘नाट्यशास्त्रा’त (काळ वादग्रस्त, साधारणतः इ.स.पू. दुसरे ते इ.स. तिसरे शतक) भयानक रसाच्या विभावांत, म्हणजे भाव जागवणाऱ्या कारणांत, विकृत आवाज, भूतदर्शन, कोल्हे-घुबडे यांच्याबरोबर शून्यागार, म्हणजे ओसाड घर, सांगितले आहे. सुमारे इ.स. १००० मध्ये अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’ या नाट्यशास्त्रावरील टीकेत रसास्वादाची सात विघ्ने दिली. त्यांपैकी स्फुटत्वाभाव (स्पष्टतेचा अभाव) आणि संशययोग (शंका उरणे) ही दोन येथे थेट लागू पडतात. संशययोगाचे त्याचे विवेचन मार्मिक आहे : अश्रू आनंदाचे असतील वा नेत्ररोगाचे, वाघ भयाचे कारण होईल वा क्रोधाचे. विभाव, अनुभाव (भावाची बाह्य चिन्हे) व व्यभिचारी भाव (येत-जात राहणारे भाव) यांचा मेळ बसला म्हणजेच शंका फिटते. कलात्मक भयपट हा मेळ मुद्दाम विस्कटतो. दहा मिनिटे रिकामी खोली दाखवली तर होणारी अस्वस्थता भयाची की कंटाळ्याची, हे प्रेक्षकाला स्वतःच ठरवावे लागते, आणि दोघे शेजारी वेगवेगळे ठरवतात. तोदोरोव्ह ज्याला प्राण म्हणतात त्याच्या जवळपासचे काही अभिनवगुप्ताच्या यादीत विघ्न म्हणून येते. मात्र हे साम्य तंतोतंत मानू नये. तोदोरोव्ह यांचा संशय घटनेच्या सत्यतेविषयी आहे, अभिनवगुप्ताचा भावाच्या ओळखीविषयी.

प्रेक्षकांतील फरकाच्या दोन स्पष्टीकरणांपैकी एक समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दियो यांच्या अभिरुचिविचारावर (१९७९) उभे आहे : दुर्बोध चित्रपट आवडणे ही सांस्कृतिक प्रतिष्ठेची खूण आहे. ‘उन्नत भयपट’ अशा लेबलांवर कट्टर भयपटप्रेमी चिडतात, तेव्हा या मताला पुष्टी मिळते. परंतु ‘व्हॅम्पिर’च्या बर्लिनमधील फजितीचा किंवा ‘इरेझरहेड’च्या मध्यरात्रीच्या प्रेक्षकाचा खुलासा त्याने पुरेसा होत नाही. साहित्यविचारक हान्स रोबेर्ट याउस यांची अपेक्षा-क्षितिजाची कल्पना येथे अधिक उपयोगी ठरते. प्रेक्षक कोणत्या चित्रपटांवर वाढला, काय ऐकून आला, कोठे बसून पाहतो, यावर त्याचे ग्रहण ठरते. अभिनवगुप्ताचा ‘सहृदय’, म्हणजे जाणता रसिक, हाही काव्याच्या अभ्यासाने घडलेला आहे, तो जन्मजात श्रेष्ठ नव्हे. नावडलेल्या प्रेक्षकाला ‘तुला कळला नाही’ असे सुनावणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

‘स्किनामारिंक’ : काइल एडवर्ड बॉल या कॅनडियन दिग्दर्शकाने सुमारे १५ हजार डॉलरमध्ये एडमंटन येथील आपल्या आईवडिलांच्या घरात केलेला हा चित्रपट (२०२२) दुमताचे अलीकडील सर्वांत शुद्ध उदाहरण होय. दोन लहान मुले रात्री जागी होतात; वडील नाहीत, दारे-खिडक्या नाहीशा होत आहेत. शंभर मिनिटांत चेहरे जवळजवळ दिसत नाहीत. दिसतात ते छताचे कोपरे, जमिनीवरचा गालिचा, दूरचित्रवाणीच्या उजेडात हलणारे जुने व्यंगपट; सर्वांवर जाड कणांचा थर. संवाद कुजबुजीत आहेत. मॉन्ट्रिऑलच्या फँटेशिया महोत्सवानंतर त्याची प्रत फुटली आणि समाजमाध्यमांतून तुकड्यातुकड्यांनी पसरली. जानेवारी २०२३ मध्ये तो चित्रपटगृहांत आला व सुमारे २० लाख डॉलर मिळवून गेला. चाहत्यांना त्यात चार-पाच वर्षांच्या वयातली अंधाराची भीती जशीच्या तशी सापडली. विरोधकांना दीड तास भिंत पाहिल्यासारखे वाटले. तुकडे पाहून आलेल्यांची अपेक्षा तुकड्यांच्या घट्टपणाची होती, हे लक्षात घेतले पाहिजे. शिवाय कणांचा हा खेळ पूर्ण अंधारात आणि शांततेतच साधतो : कणांत डोळे आपोआप आकृत्या शोधू लागतात आणि प्रेक्षक स्वतःच्याच कल्पनेला घाबरतो. उजेडाच्या खोलीत, हातात फोन धरून पाहणाऱ्यापुढे खरोखरच फक्त भिंत उरते. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत.

भारतीय चित्रपटांत ‘तुंबाड’चे (२०१८) उदाहरण दिले जाते, मात्र तो अगदी अल्पखर्ची नाही. व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्याने झाला, पहिल्या प्रदर्शनात प्रतिसाद बेताचा राहिला आणि सप्टेंबर २०२४ च्या पुनर्प्रदर्शनात त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक कमाई केली. मधल्या काळात घरोघरी पाहिला गेल्याने दुसऱ्या वेळचा प्रेक्षक काय पाहायला चाललो आहोत हे जाणून आला होता.